ताईशी दिवसभर कोण बोलतं?

वामुयूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. वामुयू माझी मेहुणी. नायरोबीपासून बरंच वर, चहाच्या मळ्यांच्या डोंगरात, चर्चच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत ती अगदी लहान मुलांची शाळा चालवते. फोन असताना पत्र कशाला, याचा खुलासा तिनं पहिल्याच ओळीत केला होता. ‘फोनवर तुम्ही हो-हो म्हणता आणि ठेवून देता, भाऊजी. कागदाला हो-हो म्हणता येत नाही.’ कागदापुढे गप्प बसता येतं, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं. पत्र मी वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. नंतर काही शब्द अडला की मी दुसरा, लहान कोश काढायचो.

पत्र माझ्या नातीबद्दल होतं. न्याविरा, अडीच वर्षांची. माझ्या मुलीचं, वाशेराचं, लग्न झालं नाही. त्यामुळे पोरीला नाव आईकडचं मिळालं, माझ्या बायकोचं. आमच्यात ज्याचं नाव लागतं ते माणूसच परत आलं असं धरून चालतात. म्हणून वाशेरा आपल्या पोरीला हाक मारते ती ‘आई’, वामुयू तिला ताई म्हणते, आणि गल्लीतल्या बायका मला चिडवतात, “काय गुका, आज बायकोला कुठं सोडून आलात?” गुका म्हणजे आजोबा, सगळी गल्ली मला तेच म्हणते. भाच्याच्या लग्नाला आम्ही वर गेलो होतो, तेव्हा वामुयूनं पोरीला दिवसभर न्याहाळलं होतं. ‘या वयात मुलं काहीबाही आणून दाखवतात,’ तिनं लिहिलं होतं. ‘खडा, पान, मेलेली मुंगी. वस्तू धरतात आणि आपल्या तोंडाकडे बघतात. ताईनं दिवसभरात कुणाला काही दाखवलं नाही. तिच्यात खोट आहे असं मला वाटत नाही. पण मला भीती वाटते. ताईशी दिवसभर कोण बोलतं?’ त्याखाली सही, आणि मळ्यातल्या पावसाबद्दल दोन ओळी. मला वाटतं, उत्तर मला ठाऊक होतं म्हणूनच मी लिहिलं नाही. किंवा तसंही नसेल. मी सगळ्याच पत्रांच्या बाबतीत असा आहे.

मग तो मंगळवार आला. वाशेरा परदेशी जाणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यात पँटींचे खिसे शिवते. अंधारात जाते, अंधारात येते, आणि जाता-येता पोरीला, गल्लीतली पोरं सांभाळणाऱ्या नेकेसाच्या आईकडे सोडते-नेते. त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. “बाबा, जादा काम लावलंय. आज तुम्ही आणाल का तिला? आणि हे बघा, नुसतं दारात उभे राहू नका. हाक मारा. तुम्ही हाक मारत नाही आणि मग लोक विचारतात की ते आजोबा कुणाला शोधत होते.” नेकेसाच्या आईचं घर दोन गल्ल्या सोडून, वेल्डिंगच्या दुकानामागे. मी तिथं याआधी कधी आत गेलो नव्हतो. गल्लीत वेल्डरचा कर्कश आवाज, कुणाचा तरी रेडिओ, पाण्याच्या नळावर डब्यांची आदळआपट. दाराला फुलाफुलांचा पडदा होता. मी पडद्यापाशी उभा राहिलो आणि आत पोरांचा कलकलाट ऐकू येईल म्हणून थांबलो. कलकलाट नव्हता. घर चुकलं असं वाटून मी मागे फिरलो, दोन पावलं गेलो, आणि पुन्हा आलो, कारण पडद्याबाहेर चपलांचा ढीग होता, बोटाएवढ्या चपलांचा, आणि त्यात एक लाल जोड आमचा होता. मी पडदा बाजूला केला. खोली मुलांनी भरलेली होती. भिंतीला टेकून, सोफ्याच्या कडेनं, चटईवर पाय लांब करून ती बसली होती. झोपलेली नव्हती. डोळे उघडे होते. गल्लीतला उजेड एकदम आत पडला, दारात एक अनोळखी म्हातारा उभा, आणि एकाही मुलानं मान वळवली नाही. एकानं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्याची नजर माझ्यावरून गेली, भिंतीवरून जाते तशी. न्याविरा पाण्याच्या पिंपाशेजारी बसली होती आणि आपल्याच एका बोटाला दुसऱ्या हातानं धरून होती. मला पाहून ती उठली नाही. मी आयुष्यभर शांततेचा भुकेला. छापखान्यात मुद्रितं तपासायला मला मागची अंधारी खोली हवी असायची, कुणी बोलू नये म्हणून. आणि त्या दारात उभं असताना मला भीती वाटली, कारण अशी शांतता मी हॉस्पिटलच्या शवागारातही पाहिली नव्हती. तिथं निदान आलेले लोक रडतात.

“गुका! या, या!” नेकेसाची आई मागच्या बाजूनं आली, हात साबणानं भरलेले. अंगानं दांडगी, हसरी बाई. तिची नेकेसा आखातात कुणाच्या घरी मुलं सांभाळायला गेली आहे, आणि ही इथं आमची सांभाळते. “घ्या तुमची बायको. अहो, काय सांगू, अशी शहाणी पोर नाही बघितली. आंबील ठेवली की पिते, बस म्हटलं की बसते. त्रास म्हणून नाही.” मला लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही माझ्या आत कुठंतरी बरं वाटलं. हे कौतुक वर्षभर आमच्या घरी येत होतं. वाशेरा रात्री दमून आली की चपला काढताना हेच सांगायची, आज पण त्रास दिला नाही म्हणाली. आमच्या गल्लीत मुलाबद्दल आधी हेच विचारतात, त्रास देतं का? आणि नाही म्हटलं की देवाचे आभार मानतात.

परत येताना रस्त्यावर एका मटाटूनं, त्या खचाखच भरलेल्या व्हॅननं, आमच्या कानाशी हॉर्न दिला. मी दचकून कडेला झालो, माझ्या हातातली पिशवी पडली. न्याविरा चालत राहिली. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की पोरीला ऐकू येत नाही. घरी पोचेपर्यंत तो विचार सुटला नाही. मी तिला पलंगावर बसवलं, तिच्या पाठीमागं गेलो आणि पातेल्याचं झाकण फरशीवर टाकलं. ती वळली. हळू वळली, झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागली. तिला ऐकू येत होतं. मी झाकण उचलून पातेल्यावर ठेवलं, पण हायसं वाटलं नाही, कारण आता भीतीला जायला जागाच उरली नव्हती. कानात दोष असता तर डॉक्टर होता. पुढचे काही दिवस मी तिचं तोंडसुद्धा हुंगलं. पोरं निजवायला काही घरांत खोकल्याचं औषध पाजतात, असं ऐकलं होतं. तिच्या तोंडाला नाचणीचा वास यायचा, दुसरा कसलाही नाही. औषध असतं तर मी जाऊन भांडलो असतो, म्हणजे वाशेराला भांडायला लावलं असतं. तसं काही नव्हतं. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. पोरगी ऐकत होती आणि आवाज आपल्यासाठी नसतात, एवढं तिला कळून चुकलं होतं.

छापखान्यात एकदा एका पाठ्यपुस्तकात मधली एक ओळ सुटली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वरची ओळ संपत होती तिथं खालची बऱ्यापैकी जुळत होती. हजारो प्रती बांधून झाल्यावर ते सापडलं. मग शुद्धिपत्र छापतात, चिठ्ठीएवढं, आणि ते पुस्तकातून गळून पडतं. त्या आठवड्यात मी रोज पहाटे वाशेरा पोरीला शालीत गुंडाळून नेताना पाहायचो आणि मला ती ओळ आठवायची. कुठली ओळ सुटली आहे तेच ठाऊक नाही आणि पानं तर छापली जात आहेत, आज, आत्ता, त्या पिंपाशेजारी. मग मी पुस्तक उघडून बसायचो. माझं घर दिवसभर रिकामं असे. तिचं तिथं बसणं आणि माझं इथं बसणं यांच्यामध्ये दोन गल्ल्या होत्या.

माझी बायको, मोठी न्याविरा, भाजी विकायची. वाशेराला पाठीला बांधून ती बाजारात बसे आणि दिवसभर बोले. गिऱ्हाइकांशी, शेजारणीशी, कोबीशीसुद्धा. “तू का रे असा कोमेजलास, तुला काय कर्ज फेडायचंय?” असं ती कोबीला म्हणायची, आणि पाठीवरची पोर तिच्या खांद्यावरून कोबीकडे बघायची. घरी आल्यावरही तोंड चालूच. मी दिव्याखाली वाचत असे आणि मनात म्हणे, ही बाई किती शब्द वाया घालवते. वाशेरा दीड वर्षाची असताना माझ्या पुस्तकासमोर उभी राहून कांदे-बटाट्यांची नावं मोठ्यानं म्हणायची, आणि मी म्हणे, हो, हो. वाया काहीच जात नव्हतं. सगळं त्या पाठीवरच्या पोटलीत पडत होतं. आणि आता त्याच नावाची पोर मुकी बसली होती, आणि गल्लीतल्या बायका नळावरून ओरडत होत्या, “गुका, बायको अजून बोलत नाही का हो? रुसलीय वाटतं तुमच्यावर!” सगळ्या हसायच्या. मीही हसल्यासारखं करून आत जायचो. आत गेल्यावर दार लावून घ्यायचो, आणि त्या चेष्टेतलं अक्षर न् अक्षर मला खरं वाटायचं.

रविवारी वाशेरा अंगणात कपडे धूत होती. मी दाराच्या चौकटीत उभा राहून म्हणालो, “ती काही आणत नाही.”

“कोण?”

“न्याविरा. मुलं वस्तू आणून दाखवतात. ती आणत नाही.”

“तिनं कशाला आणायला हवं? मी आणते ना सगळं.” ती पँट पिळत होती. मग थांबली. “मावशीनं काही लिहिलंय का?”

“हो.”

“मला वाटलंच. तिकडं लग्नात पण कशी बघत होती.” तिनं पँट दोरीवर फेकली. “बाबा, नेकेसाची आई मारत नाही. उपाशी ठेवत नाही. माझ्याबरोबरच्या त्या पोरीनं बाळ ठेवलं होतं ना, तिथं चूल आणि पाळणा एकाच खोलीत. हिच्याकडं तसं नाही. याच्यापुढं अजून काय असतं, सांगा ना? असतं काहीतरी, मला माहीत आहे. टेकडीवरच्या बंगल्यांतली पोरं जातात तिथं असतं. बाग असते, रंगीत खुर्च्या असतात. मी दिवसभर खिसे शिवते बाबा, त्यांतला एकही माझ्या अंगावर नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. “आणि तुम्ही तरी माझ्याशी कधी बोललात? मी बोलायला शिकले ना.”

“तुझी आई बोलत होती.”

तिनं बादलीत हात घातला, पण पुढची पँट काढली नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसलं ते मी ओळखलं, कारण आठवडाभर तेच माझ्या पोटात होतं. तिलाही भीती वाटत होती. तिला ती माझ्याआधीपासून वाटत असावी, आणि रोज पहाटे ती भीती शालीत गुंडाळून, दोन गल्ल्या पलीकडे ठेवून, ती कामावर जात असावी. “मी ठेवतो तिला,” मी म्हणालो. हे वाक्य मी ठरवलं नव्हतं.

“तुम्ही?” वाशेरा हसली, अगदी मनापासून. “बाबा, तुम्हाला टपरीवाल्याला साखर मागायला लाज वाटते. गल्लीत पुरुषमाणूस कडेवर पोर घेऊन हिंडणार? बायका नळावर पाणी सांडतील हसून.” आणि मग हसू ओसरलं तेव्हा डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही तिच्याशी काय बोलणार?”



नेकेसाच्या आईला सांगायला मी स्वतः गेलो, ते केवळ वाशेराची पहाट जाऊ नये म्हणून. वाटेत मी वाक्य जुळवलं आणि दारात ते विसरलो. तिला ते आधीच कळलं होतं. गल्लीत सगळं आधीच कळतं. “माझं काही चुकलं का?” तिनं विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बोलत सुटली. “आंबील ढवळता येते का तुम्हाला? गुठळ्या होतात बरं. आणि पोरगी तुमच्याकडं रडायला लागली तर माझ्याकडं आणू नका हं, इथं तिला तशी सवय नाही.” मग पडद्याआड एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाली, “सुरुवातीला मी गाणी म्हणायचे गुका, खोटं नाही सांगत. पण एकाला मांडीवर घेतलं की बाकीची सगळी हात वर करतात. सगळी. मला हात किती? मग मी कुणालाच घेत नाही. नवीन आलेलं पोर रडतं, रडतं, आणि मग एक दिवस थांबतं. त्या दिवशी त्याची आई म्हणते, किती छान रुळवलंत.” ती हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर नीट बसलं नाही. “मलापण कधीकधी दुपारी भीती वाटते. इतकी पोरं आणि आवाज नाही. मग मी रेडिओ लावते.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं घरात. मी तिच्यासमोर बसायचो आणि काय बोलावं ते सुचायचं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली. स्वतःचं एकही शिल्लक नव्हतं. शेवटी मी जे करत होतो तेच बोलायला लागलो. आता मी पाणी ओततोय. आता पीठ कालवतोय. गुठळी झाली, बघ, त्या बाईनं सांगितलंच होतं. माझा स्वतःचा आवाज मला परक्या घरातून आल्यासारखा वाटे, आणि खिडकीबाहेरून कुणी गेलं की मी मधेच थांबे. ती भिंतीला टेकून बसे. तिथं पिंप नव्हतं, पण ती पिंपाशेजारी बसल्यासारखी बसे. मी बोललो की तिचे डोळे माझ्या हातांवर असत, तोंडावर कधीच नाही. तिला कडेवर घेतलं की ती धरून ठेवत नसे. पीठ घालून ठेवलेल्या पिशवीसारखी नुसती असे. कधी मी पुस्तक उघडे, सवयीनं, आणि पानभर वाचून झाल्यावर एकदम दचके, घर किती शांत आहे म्हणून. वर पाहावं तर ती तशीच. किती सुखाची होती आमची जोडी, कुणाला कुणाचा त्रास नव्हता. ते मनात आलं त्या दुपारी मी पुस्तक मिटलं ते आजतागायत तिच्यासमोर उघडलं नाही. रोज संध्याकाळी वाशेरा दारातून विचारायची, “काही?” आणि मी मान हलवायचो.

काही बोलायचं राहिलं नाही तेव्हा मी बायकोचं बोलणं उसनं घेतलं. कांदे चिरताना कांद्यालाच म्हणालो, “काय रे, रडवतोस मला? तुला काय कर्ज फेडायचंय?” तिच्याइतकं ते मला साधलं नाही. वाक्य चुकीच्या भाजीला लागलं, असंही वाटलं. पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते, तेव्हा बडबडत राहिलो, मोठी न्याविरा असती तर तुला असा चिरला असता, तसा चिरला असता. मागे काहीतरी हललं. पोरगी भिंतीपासून उठली होती. ती आली, खाली पडलेलं एक साल उचललं, पातळ, तांबूस, हवेनं उडेल असं, आणि ते धरून उभी राहिली. सालाकडे ती बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. मी घाबरलो. सुरी ठेवून मी तिथंच फरशीवर बसलो. ती नजर उत्तर मागत होती, आणि मी काही बोललो नाही तर ती पुन्हा भिंतीकडे जाईल आणि मग कदाचित कधीच येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. “साल,” मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. “कांद्याचं साल. हो. मला दाखवलंस.” ती वाकली आणि दुसरं साल आणलं. मग तिसरं. माझ्या मांडीवर सालांचा ढीग झाला. वाशेरा आली तेव्हा मी तो झाडला नव्हता. तिनं दारातून “काही?” विचारलं, माझ्या मांडीकडे पाहिलं आणि चपला न काढताच पोरीसमोर खाली बसली. “आई,” ती म्हणाली, “अगं आई, मलापण दाखव की.” त्या दिवशी पोरीनं तिला काही दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी मलाही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी बाटलीचं एक झाकण. आणि मग दोन दिवस काहीच नाही. मी रात्री जागा राहून हिशेब करायचो, जेवढे दिवस ती तिथं बसली होती त्याला अशी किती सालं लागतील. तो हिशेब सुटत नाही. मी तो सोडवायचं सोडलेलं नाही.

आज सकाळी मी शब्दकोशातून वामुयूचं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं, चौथ्यांदा तसंच ठेवलं. ‘वामुयू, ताईशी दिवसभर मी बोलतो. मला येत नाही, तरी बोलतो. ती मधूनमधून काहीतरी आणून दाखवते. शब्द अजून नाही. तू लिहिलंस तेव्हाच मी उत्तर द्यायला हवं होतं. आता उशीर झाला असेल तर मला खरं सांग, आणि झाला नसेल तर इकडे ये आणि काय करायचं ते दाखव. नेकेसाच्या आईलाही दाखव, तिच्याकडे अजून खोलीभर मुलं आहेत.’ पाकिटात कांद्याचं एक साल घातलं. ते चुरा होऊन पोचेल, तरी घातलं.

टपाल कचेरी हमरस्त्यावर आहे. पाकीट मी न्याविराच्या हातात दिलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सगळी वाट सोडलं नाही. भिंतीतल्या लाल पेटीपाशी आल्यावर मी तिला उचललं, फट दाखवली, तिचा हात धरून पाकीट आत सरकवलं. आत, खाली, ते पडल्याचा आवाज आला. तिनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. फटीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि रडली. असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं; पाठ ताणून, तोंड उघडून, पेटीवर तळवे आपटत. कचेरीच्या रांगेतली माणसं वळली. चणे-मका विकणारी बाई हातातला डाव टाकून बघू लागली. सगळा रस्ता माझ्याकडे बघत होता, ज्या गोष्टीला मी सत्तर वर्षं भीत आलो ती नेमकी हीच.

“काय हो गुका,” ती चणेवाली ओरडली, “बायको रुसली का? गप्प करा की तिला!”

“नको,” मी म्हणालो. एवढ्या मोठ्यानं म्हणालो की मीच दचकलो. “रुसू दे. तिचं पत्र गेलंय.”

आणि मी तिथंच उभा राहिलो. ती माझी कॉलर मुठीत धरून रडत होती, घट्ट धरून. मग मी वाकून तिचा कान त्या फटीला लावला आणि आत पत्र कुठं पडलं, इथून ते कुठं कुठं जाईल, ते तिला सांगायला लागलो.